ओट्सच्या वडीचं माहेर

हिरडेगावात ज्या पदार्थाला माहेर नाही, तो कितीही थापला तरी घट्ट होत नाही. हे पूर्वीपासूनच आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. खोबऱ्याच्या वडीचं माहेर सुंदराबाई जगदाळ्यांच्या घरी. बेसनाची वडी, तिळाची वडी आणि आलेपाक याही त्याच घरच्या लेकी. चिक्कीचं माहेर पाराजवळ, पोतदारांकडे. म्हैसूरपाकाला गावात माहेर नाही, म्हणून तो हिरडेगावात कधी धड झाला नाही. झाला तर दगड, नाहीतर पीठ.

वर्षातून एकदा, नागपंचमीला, या सगळ्या जणी आपापल्या माहेरी जातात आणि पाच दिवस राहतात. त्या पाच दिवसांत माहेर सोडून गावात कुणाकडेही वडी पडत नाही. लोक खीर करतात, शिरा करतात आणि गप्प बसतात. घरची बाई माहेरी गेली की सासरच्यांनी चार दिवस कसंतरी भागवायचं असतं, हे ज्याला कळत नाही त्यानं लग्नच करू नये, असं जुनी माणसं म्हणत.

ज्या घरी माहेरवाशीण येते, मग ती पोटची लेक असो की पदार्थ, त्या घराला नगरपालिकेकडून झोक्याचा दोर मिळतो. खिडकी क्रमांक चारवर सही करायची, दोर घ्यायचा, तुळईला बांधायचा. पंचमीला गावातून फिरलं तर ज्या दारातून झोक्याची करकर ऐकू येते, ते घर कुणाचं तरी माहेर आहे हे विचारावं लागत नाही.

गजराबाई कासाराच्या घरून ती करकर कधी ऐकू आली नव्हती.

गजराबाईचा धंदा बांगड्यांचा. पंचमीच्या आदल्या दिवसापासून ती टोपली घेऊन दारोदार जायची आणि माहेरी आलेल्या लेकींचे हात भरायची. गावातल्या प्रत्येक लेकीच्या मनगटाचं माप तिला तोंडपाठ होतं. कुणाचा हात मऊ, कुणाचा हाडकुळा, कोण बांगडी चढताना ओरडतं, कोण डोळे मिटून घेतं. चाळीस वर्षं हेच. आणि संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन घरी आली की ओसरीवरची तुळई तशीच उघडी. तिला तीन लेक, तिघेही परगावी. सुना यायच्या, पण त्या सासरी यायच्या. नगरपालिकेत ते येणं वेगळ्या वहीत लिहितात आणि त्याला दोर नसतो.

तर त्या वर्षी गजराबाईच्या नवऱ्याच्या, सदोबांच्या, रक्तात चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज ओट्स खा. धाकट्या लेकानं पुण्याहून दोन किलो ओट्स आणि एक ओव्हन पाठवून दिला. सदोबांनी पहिल्या दिवशी ओट्सची लापशी खाल्ली आणि वाटी खाली ठेवली.

"आजारी म्हशीला घालतात तसलं आहे हे," ते म्हणाले. "मला चरबी चालेल."

गजराबाई हार मानणारी नव्हती. तिनं ओट्स चमचाभर तुपावर खमंग भाजले. बदाम, काजू, अक्रोड आणि शेंगदाणे खलबत्त्यात जाडसर कुटले. गूळ विरघळवून त्यात सुंठ, दालचिनी, दोन लवंगा, वेलची घातली आणि वरून जायफळ उगाळलं. सगळं एकत्र कालवून ओव्हनबरोबर आलेल्या चौकोनी ट्रेमध्ये थापलं. त्या ट्रेला दोन्ही बाजूंना कड्या होत्या, एखाद्या पेटीला असतात तशा. अर्ध्या तासानं असा वास सुटला की टपालवाला पत्र नसतानाही दारात थांबला.

ट्रे बाहेर काढला, सुरी लावली, आणि सगळं भुसभुशीत होऊन पसरलं.

सदोबांनी ते चमच्यानं दोन वाट्या खाल्लं. "चव अशी आहे की मेलेल्यानं उठून मागावी," ते म्हणाले. "पण ही वडी नव्हे."

"तिला माहेर नाही ना," गजराबाई सहज म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा हात सुरीवरच थांबला. ही एक, जिला गावात कुणी नाही. आणि हे एक घर, जिथं माहेरपणाला कुणी येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती खिडकी क्रमांक चारवर हजर झाली. आत विसपुते बसले होते. एकवीस वर्षं तेच बसत. माणूस सरळ, पण नियमाबाहेर नखभर सरकायचा नाही.

"पदार्थ?" विसपुत्यांनी विचारलं.

"ओट्सची वडी. सुकामेवा, गूळ आणि मसाला घालून ओव्हनमध्ये भाजलेली."

"ओट्स कुठले?"

"दुकानातले."

"दुकान हे माहेर धरता येत नाही. दुकानात परत जातात ती तक्रार घेऊन."

"म्हणून तर आले, भाऊसाहेब."

विसपुत्यांनी अर्ज पुढे ओढला. "तुमच्या घरी याआधी कुणी माहेरवाशीण नांदली आहे का?"

"नांदतात त्या सासरी."

विसपुत्यांनी लिहिलेला शब्द खोडला. "राहिली आहे का?"

"नाही."

"म्हणजे अनुभव नाही."

"पहिलटकरणीला असतो का?"

विसपुत्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, मागून पुढून चाळलं आणि मिटलं. पहिलटकरणीविरुद्ध त्यात काही नव्हतं. मग त्यांनी अट लिहून दिली. चतुर्थीच्या दिवशी, दिवे लागायच्या आत, वडी अर्जदाराच्या घरी, अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत घट्ट निघाली पाहिजे. तुकडा एका कोपऱ्याला धरून बारा महिन्यांची नावं घेऊन होईपर्यंत मोडता कामा नये.

"आणि मोडला तर?"

"तर पदार्थ बेवारस ठेवता येत नाही. शेजारी ज्यांना माहेरपणाचा अनुभव आहे त्यांच्या नावे चढवला जातो. एकदा चढला की चढला."

शेजारी म्हणजे सुंदराबाई. चार झोके असलेलं घर.

हिरडेगावात बातमीला पाय नसतात, पंख असतात. गजराबाई घरी पोचायच्या आधी सुंदराबाई ओसरीवर येऊन बसली होती. तिनं वाटीतली भुसभुशीत वडी बोटानं चाळवून पाहिली.

"गजरे, चार जणींची आई आहे मी. पाचवी मला जड नाही," ती म्हणाली. "तू उगाच हट्ट करतेस. हिला भगर म्हणून वाढ, निदान उपासाला चालेल."

"उपास तुम्ही करा, सुंदराक्का."

"मी कशाला करू? माझ्या घरी वड्या आहेत."

चतुर्थी शुक्रवारी होती. मध्ये तीन दिवस. गजराबाईनं त्या तीन दिवसांत काही कमी ठेवलं नाही. मंगळवारी तिनं उंबऱ्यापासून ओव्हनपर्यंत रांगोळी काढली. ट्रे बाहेर आला तसा चंदनाच्या पाटावर ठेवला, कुंकू लावलं, उदबत्ती लावली. पाच पाच मिनिटांनी जाऊन विचारलं, "काही हवं का? बरं वाटतंय का?" आणि कडेला बोट लावून पाहिलं. वडी पसरली.

बुधवारी तिनं लग्नातलं चांदीचं तबक काढलं. पंख्यानं वारा घातला. पडवीत बाया बोलावून गाणी म्हणायला लावली. वडी पसरली, आणि अक्रोड वेगळे झाले.

गुरुवारी तर तिनं ट्रेसमोर हात जोडले आणि म्हणाली, "गरिबाचं घर आहे, गोड मानून घ्या." त्या दिवशी वडीनं सुरी लागायचीही वाट पाहिली नाही.

सदोबा तिन्ही दिवस चमच्यानं खात होते. डॉक्टरांच्या दृष्टीनं त्यांचं उत्तम चाललं होतं. गुरुवारी वाटी चाटूनपुसून झाल्यावर ते म्हणाले, "अगं, तू तिला पाहुणीसारखं काय वागवतेस?"

"मग कसं वागवू? पहिल्यांदा येतेय ती."

"मी तुझ्या माहेरी यायचो तेव्हा तुझी आई मला पाटावर बसवायची. चांदीची वाटी, उदबत्ती, घ्या की, लाजू नका. आणि तू काय करायचीस? स्वयंपाकघरात उभ्यानं पातेल्यातलं खायचीस. माझ्यासमोर."

गजराबाईनं चांदीच्या तबकाकडे पाहिलं.

"आणि दुपारी," सदोबा म्हणाले, "मी ओसरीवर ताठ बसून असायचो आणि तू आत चार चार तास घोरायचीस."

गजराबाईला ते सगळं जसंच्या तसं आठवलं. उंबऱ्यातच आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि लगेच, आत पाऊल पडायच्या आधी, बोलायला सुरुवात करायची. किती वाळलीस, केसांना तेल नाही, एक निरोप धाडायला काय झालं होतं. मग जेवण. मग आईचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं अंगावर पडायचं, आणि आई दारात उभी राहून घराला दम द्यायची. कुणी उठवायचं नाही.

पाहुण्याला कुणी रागावत नाही, आणि पाहुण्याला कुणी झोपू देत नाही. गजराबाईनं चांदीचं तबक पेटीत टाकलं आणि झाकण लावलं.

शुक्रवारी सकाळी तिनं ना रांगोळी काढली ना उदबत्ती लावली. ओट्सचा डबा घेऊन उंबऱ्याबाहेर गेली, डब्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून लांब फेकलं, आणि डबा आत आणता आणताच तोंड सुरू केलं.

"किती वाळलीस. कोरडी ठणठणीत. तिकडं तूप मिळत नाही का?" तिनं कढईत तूप घातलं, आज चमचाभर जास्त. "आणि एक निरोप नाही. आई जिवंत आहे का मेली, कुणाला पत्ता नाही." दालचिनी कुटली. "सुंठ नको म्हणू नकोस, घशाला बरी असते. हे अक्रोड बाजूला काय बसलेत फुगून? सरका आत. सगळ्यांनी मिळून राहायचं, माझ्या घरी वेगळी चूल चालायची नाही." असं म्हणत तिनं तळहातानं सगळं दाबून दाबून थापलं, लहानपणी आई डोक्याला तेल थापते तसं, जरा दुखेल असंच.

अर्ध्या तासानं ट्रे निघाला. गजराबाईनं त्याच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. मधल्या खोलीत नेऊन जमिनीवर ठेवला, वर आईचं जुनं लुगडं पांघरलं, दार लोटलं आणि उंबऱ्यात येऊन बसली.

"कुणी उठवायचं नाही," ती सदोबांना म्हणाली.

"मी चमचा घेऊन बसलोय फक्त," सदोबा म्हणाले.

"तो आत ठेवा."

बाराच्या सुमाराला विसपुते आले. बगलेत वही, खिशात दोन पेनं. त्यांच्या मागोमाग सुंदराबाई, बगलेत एक रिकामा डबा घेऊन. गजराबाई हरली तर वडी न्यायला सोपं पडावं म्हणून.

"वडी दाखवा," विसपुते म्हणाले.

"झोपलीय. उठली की दाखवते."

"पण तपासणी बाराची आहे."

"दिवे लागायच्या आत, असं तुम्ही लिहून दिलंय."

"भाऊसाहेब, नुसतं पांघरूण उचलून बघा की," सुंदराबाई म्हणाली. "त्यात काय? माझ्या वड्या दहा मिनिटांत पडतात."

विसपुत्यांनी पुस्तक उघडलं. बराच वेळ वाचलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "माहेरवाशिणीला झोपेतून उठवण्याचा अधिकार कुणाला आहे, याबद्दल नियमात काही नाही. सासूलाही नाही." आणि त्यांनी चपला हळूच काढून भिंतीशी ठेवल्या.

एक वाजला. दोन वाजले. दाराच्या फटीतून जायफळाचा वास येत होता आणि गजराबाईचं बोट सारखं त्या दाराकडे धाव घेत होतं. तिनं ते बोट दुसऱ्या हातात धरून ठेवलं. एकदाच तर उचलायचं, कडेला एकदाच टेकवायचं. पण ती उठली नाही. समोर ओसरीची तुळई होती, चाळीस वर्षं उघडी. तिच्याकडे बघत बसली.

विसपुत्यांना चहा दिला. त्यांनी बशीत ओतून फुंकर मारली ती सुद्धा बेतानं. सुंदराबाई खांबाला टेकून बसली होती. ऊन कलायला लागलं. तीनच्या पुढे गल्लीतून भांडीवाला आला. त्याचा आवाज म्हणजे पितळी घंटा. "भांडीयेऽऽ" म्हणून त्यानं दारासमोरच आरोळी ठोकली.

सुंदराबाई पेंगत होती ती ताडकन उठली आणि दारात गेली.

"अरे हळू ओरड ना जरा," तिनं त्याला दटावलं. "आत पोर निजलीय."

भांडीवाल्यानं जीभ चावली आणि मुकाट्यानं पुढे गेला. सुंदराबाई मागे वळली. विसपुत्यांनी पेन काढलं आणि वहीत लिहिलं.

"काय लिहिलंत?" सुंदराबाईनं विचारलं.

"शेजारची साक्ष."

"मी सवयीनं बोलले."

"साक्ष सवयीचीच खरी असते, बाई."

चार वाजून गेले आणि मधल्या खोलीतून टक्क असा आवाज आला. कूस बदलताना बाजेची दावण वाजते तसा. गजराबाईनं मग दार ढकललं. लुगडं बाजूला केलं. ट्रेच्या तळाला हात लावला. गार होता. वडी कडेपासून केसभर सुटून, अंग चोरून, घट्ट बसली होती.

तिनं सुरीला तूप लावलं आणि उभी घातली. सुरी सरळ खाली गेली. ट्रेवर टेकली तेव्हा नाणं वाजावं तशी वाजली. आठ तुकडे पडले, आठांच्या आठ कडा रेघ मारल्यासारख्या.

विसपुत्यांनी एक तुकडा घेतला, चिमटीत कोपरा धरला, हात लांब केला आणि सुरुवात केली.

"चैत्र. वैशाख. ज्येष्ठ."

ते घाई करीत नसत. प्रत्येक महिन्यानंतर चष्म्यातून तुकड्याकडे बघत. आश्विनाला एक शेंगदाण्याचा कण खाली पडला. विसपुत्यांनी वाकून तो तपासला आणि म्हणाले, "सुटा होता. धरला जाणार नाही." पौष झाला. माघ झाला.

"फाल्गुन," विसपुते म्हणाले.

"थांबा," सुंदराबाई म्हणाली. "यंदा अधिक महिना आहे. तेरा झाले पाहिजेत."

विसपुत्यांनी क्षणभर विचार केला. "हरकत रास्त आहे," ते म्हणाले. "अधिक."

तुकडा जागचा हलला नाही. विसपुत्यांनी आणखी थोडा वेळ धरला, न्यायाला कमी पडायला नको म्हणून, आणि मग तो सरळ तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिले. त्यांच्या एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तपासणीचा नमुना पहिल्यांदाच खाल्ला, असं पुढे सगळे सांगत.

"नाव काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"ओट्सची वडी," सदोबा म्हणाले.

"तो पदार्थ झाला. लेकीचं नाव?"

तिन्ही बाळंतपणांत गजराबाईनं एक नाव तयार ठेवलं होतं. तिन्ही वेळा ते घडी करून परत ठेवावं लागलं होतं. ते तिनं आता काढलं.

"सुगंधा," ती म्हणाली.

विसपुत्यांनी लिहिलं. आडनावाची जागा कोरी ठेवली, कारण आडनाव सासरचं लागतं आणि सासर घरोघरी वेगळं असणार. मग पिशवीतून नव्या दोराचं वेटोळं काढून ओसरीवर ठेवलं. तो त्यांनी येतानाच बरोबर आणला होता. कुणाकडे जाईल ते माहीत नव्हतं, पण दोर लागणार हे नक्की होतं.

सुंदराबाई रिकामा डबा घेऊन उठली. गजराबाईनं तो तिच्या हातून घेतला, त्यात चार तुकडे घातले आणि झाकण लावलं. रिकामा डबा पाठवायची हिरडेगावात रीत नाही.

"दालचिनी जरा जास्त झालीय," सुंदराबाई पायऱ्या उतरता उतरता खात म्हणाली.

"मावशी आहात, बोलायचा हक्क आहे तुमचा," गजराबाई म्हणाली.

पंचमीला सदोबांनी तुळईला झोका बांधला. गजराबाईनं पाटावर ट्रे ठेवला आणि झोका दिला. करकर पार पाराजवळ ऐकू गेली. लोक घराबाहेर येऊन ऐकत उभे राहिले, कारण त्या बाजूनं तो आवाज कधी आला नव्हता. त्या दिवशी गजराबाई बांगड्या भरायला दारोदार गेली नाही. गावातल्या लेकीच तिच्याकडे आल्या आणि तिच्या ओसरीवर बसून हात भरून घेतले. सगळ्यांचं झाल्यावर टोपलीत हिरव्या बांगड्यांचा एक जोड उरला. तो तिनं ट्रेच्या दोन कड्यांत एक एक करून अडकवला. बरोबर बसला. माप घ्यावं लागलं नाही.

तोवर वडीची कृती गावभर गेली होती, आणि पाच दिवस कुणाच्याच घरी ती पडली नाही. डॉक्टरांनी नगरपालिकेत लेखी तक्रार केली की रुग्णांची गैरसोय होते आहे. विसपुत्यांनी त्यावर "माहेरी गेली आहे" असा शेरा मारून कागद परत पाठवला.

सहाव्या दिवशी सकाळी सुंदराबाई डबा घेऊन आली. डब्यात बेसनाच्या वड्या होत्या.

"गजरे, नातवंडं मागतायत," ती म्हणाली. "सुगंधा कधी जातेय परत?"

गजराबाई झोक्यावर ट्रेशेजारी बसली होती. तिनं पायाच्या अंगठ्यानं जमिनीला जरासा रेटा दिला.

"पाठवते की," ती म्हणाली. "एवढी घाई काय आहे? राहू दे अजून दोन दिवस."